जेम्स वॅट, मुक्काम नळदुर्ग

रविवारी सकाळी पावणेअकरा वाजता अणदूरच्या खाजगी शाळेत नागूबाईंनी जेम्स वॅटला भंडारा वाहिला. साल १३५० फसली, महिना बहमन, म्हणजे इंग्रजी १९४० चा डिसेंबर. चंपाषष्ठी होऊन दहा दिवस झाले होते. निजामी राज्यात शाळांना सुट्टी शुक्रवारी असे, त्यामुळे ऐन खंडोबाच्या वारी शाळा भरलेली होती आणि शंकरप्पा मास्तर आतल्या खोलीत हजेरी घेत होते. ते सत्ताविसाव्या नावापर्यंत आले आणि बाहेरच्या खोलीतून पुटपुटल्यासारखा येळकोट ऐकू आला. मास्तर हजेरीपट हातात घेऊनच बाहेर आले.

बाहेर तिपाईवर चित्रांचं पुस्तक उघडं ठेवलेलं होतं. पहिल्याच पानावर वाफेच्या इंजिनाचा विलायती कारागीर जेम्स वॅट उभा होता, आणि त्याच्या कपाळापासून बुटापर्यंत हळद पसरली होती. शाळेची झाडलोट करणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या नागूबाई पदर सावरून हात जोडून उभ्या होत्या.

"नागूबाई, हे काय केलं?"

"ऐतवार हाय न्हवं मास्तर."

"हा देव न्हाय. माणूस आहे. विलायतेतला. मरून सव्वाशे वर्षं होत आली."

"आसंल. पर डोळं उघडल्यात न्हवं त्येचं? तुमीच नारळ फोडला. म्या करवंट्या झाडल्या."

 मास्तर आत गेले आणि अठ्ठाविसाव्या नावापासून पुढं हजेरी घेतली. नागूबाईंचं खोटं नव्हतं. नारळ मास्तरांनीच फोडला होता.

त्याचं असं झालं. वर्षाच्या सुरुवातीला तालीम खात्याचे मोहतमीम साहेब, म्हणजे शिक्षण खात्यातले शाळा तपासणारे अधिकारी, येऊन गेले होते. त्यांनी शेऱ्यात लिहिलं की मुलांना दाखवायला इल्मी बाबींची, म्हणजे सृष्टिज्ञानाची आणि शोधांची, तस्वीरी किताब या शाळेत एकही नाही. पुढच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, अशी किताब दिसली नाही तर शाळेच्या इजाजतीचा फेरविचार करण्यात येईल. खाजगी मराठी शाळेच्या बाबतीत फेरविचार म्हणजे काय, हे मास्तरांना समजावून सांगावं लागत नव्हतं. शेजारच्या दोन गावांत फेरविचार होऊन गेला होता आणि तिथल्या शाळांत आता कडबा भरला जात होता. अणदूरच्या शाळेत एक्केचाळीस मुलं होती, त्यांत नऊ मुली.

पुस्तकं सोलापुराहून मागवावीत तर मधे करोडगिरीचा नाका होता. हद्दीत शिरणाऱ्या मालाची तिथं जकात भरायची, आणि माल छापील असला तर वर चौकशी. मागं मास्तरांनी अंकलिप्यांचा एक गठ्ठा मागवला होता. तो सात महिन्यांनी आला आणि प्रत्येक अंकलिपीचं वेष्टन फाडून घेतलेलं होतं, कारण वेष्टनावर चरखा होता. तेव्हा मास्तरांनी ठरवलं की पुस्तक घरीच करायचं. आठ पानं. चार पानांवर शोध लावणारे लोक, चार पानांवर सृष्टी. मजकूर स्वतः लिहायचा, चित्रं धुळाप्पा चिताऱ्याकडून काढून घ्यायची. मास्तरांच्या हिशेबानं हे काम दहा दिवसांचं होतं.

"लेकरांस्नी शिकवायचं सोडून सायबांची बारशी घालाया लागलाव," एवढंच त्यांची बायको इरम्मा म्हणाली.

धुळाप्पा चाळीस वर्षं चित्रं काढत होते, पण ती देवांची. खंडोबा, म्हाळसा, बाणाई, नंदी, वीरभद्र, लग्नघरच्या भिंतीवर गणपती. माणूस त्यांनी कधी काढला नव्हता आणि तसं त्यांनी आधीच सांगितलं. मास्तर म्हणाले, देव काढता येतो त्याला माणूस सोपा. हे वाक्य त्यांनी पुढं पुष्कळ वेळा मनातल्या मनात मागं घेतलं.

आठ दिवसांनी पहिलं पान आलं. वॅटसाहेब पानभर होता. गोरा, मिशीवाला, कमरेला शेला, एक हात आशीर्वादाचा, दुसऱ्या हातात किटली. इंजिन त्याच्या उजव्या पायाशी, शेळीएवढं.

"धुळाप्पा, इंजिन एवढं बारकं का?"

"वाहन हाय त्येचं."

"वाहन कशानं? त्यानं ते बनवलंय."

"मग त्येचंच झालं की. मला सांगा मास्तर, गणपती मोठा का उंदीर?"

"पण इंजिन खरंच मोठं असतं. येडशीला जाऊन बघा."

"येडशीचंच बघून काढलंय. डायवर वर बसतो का इंजिन वर बसतंय?"

बार्शीच्या लहान गाडीचं इंजिन मास्तरांनीही पाहिलं होतं. ते फार मोठं होतं असं शपथेवर सांगता येण्यासारखं नव्हतं. मास्तरांनी वाद सोडला. चंद्राच्या कला दाखवणाऱ्या पानावर धुळाप्पांनी आधी महादेव काढला, कारण चंद्र नुसता ठेवायचा कुठं हा त्यांचा प्रश्न होता. मास्तरांनी महादेव पुसायला लावला. धुळाप्पांनी महादेव पुसला, जटा पुसायला हात धजेना. त्यामुळं त्या पानावर चंद्र एका झुडपात अडकलेला दिसे. मुंगीचं पान मात्र सुरेख उतरलं. सहा पाय बरोबर होते.

आठही पानं पुरी झाली तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की चौघा शोधकांपैकी एकालाही डोळे नाहीत. डोळ्यांच्या जागी पांढरी बदामं होती.

"डोळं शेवटाला," धुळाप्पा म्हणाले. "नारळ, निवद, मग डोळं. त्याबिगर कुंचला डोळ्याला लावायचा न्हाय. बापाचा नेम हाय."

"पण हे देव न्हायत धुळाप्पा."

"मला काय म्हाईत कोन हायत. नेम माझा हाय, त्येंचा न्हाय."

मास्तरांनी दोन दिवस विचार केला. मोहतमीम साहेबांपुढं चार आंधळे शोधक ठेवणं शक्य नव्हतं, त्यातला एक दुर्बिणीवाला. शेवटी ते आडतीच्या दुकानात बंडप्पांकडं गेले. बंडप्पा भुसारमालाचे आडते, देवस्थानचे पंच, आणि गावातल्या कोणत्याही कामात न विचारता सल्ला देणारे गृहस्थ. इथं तर मास्तर विचारायला आले होते.

"बर्री मास्तर, या, बसा. नारळच तर फोडायचा. नारळानं कुनाचं वाईट झालंय?"

"आणि नैवेद्य?"

"पुरन नगा करू. सायेब लोकांला पचत न्हाय. चहा ठिवा. किटली हाय न्हवं त्येच्या हातात?"

गुरुवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर नारळ फुटला, वॅटसाहेबापुढं कपबशीत चहा ठेवला गेला, आणि धुळाप्पांनी श्वास रोखून आठ डोळे काढले. दुर्बिणीवाल्याचा एक डोळा मिटलेला असतो असं मास्तरांनी सांगून पाहिलं. धुळाप्पांनी ते अशुभ ठरवलं आणि दोन्ही डोळे सताड उघडून दुर्बीण कानाला लावून दिली. कार्यक्रम छोटाच होता. पाहायला एक्केचाळीस मुलं, नागूबाई आणि रस्त्यानं जाणारी दहाबारा माणसं एवढीच होती. बातमी गावभर व्हायला तेवढी पुरली.

पुस्तक तयार झालं. तेव्हा बंडप्पा पुन्हा म्हणाले, "मास्तर, जर्मनीची लढाई चाललीय. अनोळखी सायबांच्या तसबिरी घरात ठिवायच्या म्हंजी कागद पायजे. कचेरीचा शिक्का घ्या."

म्हणून मास्तर तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या पेशकारांकडं, म्हणजे कारकुनांकडं, एक नमुना होता आणि त्यात कोणाच्याही नावाची नोंद करायची तर पाच रकाने भरावे लागत. नाव, वल्दियत, कौम, राहण्याचं ठिकाण, पेशा.

"वल्दियत?" पेशकारांनी विचारलं.

वॅटच्या बापाचं नाव मास्तरांना ठाऊक नव्हतं. पेशकारांनी लेखणी खाली ठेवली. मास्तर परत आले आणि त्यांनी सोलापूरच्या आतेभावाला कार्ड टाकलं. त्यानं तिथल्या वाचनालयात इंग्रजी ग्रंथ चाळून अकरा दिवसांनी उत्तर पाठवलं. बापाचं नावही जेम्स वॅट. मास्तर पुन्हा कचेरीत गेले.

"ये कैसा?" पेशकार म्हणाले. "बाप जिंदा था, तब बेटे का नाम रखा?"

"जी हां."

"फिर घर में आवाज कैसे देते थे?"

मास्तरांनी इतकी वर्षं वॅट शिकवला होता, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. पेशकारांचं म्हणणं असं पडलं की अशी नोंद वर गेली तर साहेब त्यांनाच जाब विचारतील. अर्धा दिवस खल झाला. अखेर, ज्या सोयीनं तालुक्यातल्या एका नावाच्या दोन गावांचा घोटाळा मिटवतात त्याच सोयीनं पेशकारांनी लिहिलं, जेम्स वॅट खुर्द, वल्द जेम्स वॅट बुद्रुक. आणि मुलाहिजा झाल्याचा, म्हणजे कचेरीनं पाहिल्याचा, जांभळा गोल शिक्का वॅटसाहेबाच्या छातीवर मधोमध मारला. दुसरी कोरी जागा पानावर नव्हती.

तेव्हा नागूबाईंची बाजू पाहिली तर ती अगदीच लंगडी नव्हती. चित्र धुळाप्पाच्या हातचं, पायाशी वाहन, डोळे विधीनं उघडलेले, छातीवर मुद्रा, आणि वार रविवार.

पुढचे आठ दिवस मास्तरांना चांगले गेले नाहीत. बुधवारी उमरग्याचा एक गिरणीवाला आला. त्याचं तेलाचं इंजिन पंधरवडाभर बंद होतं. त्यानं वॅटपुढं नारळ ठेवला आणि परत जाऊन हँडल मारलं तर इंजिन सुरू झालं. मधल्या वेळात त्याच्या मेव्हण्यानं तेलाची नळी साफ केली होती, पण हे तो सांगत नसे. त्यानं पत्र्याचं एक छोटं इंजिन करून शाळेत आणून टांगलं. मग मोटेची चाकं कुरकुरणारे आले, रहाट मोडलेले आले, एक शिंपी शिवणयंत्र डोक्यावर घेऊन आला. मास्तर प्रत्येकाला उभं करून किटली, झाकण, वाफ आणि दट्ट्या समजावून सांगत. लोक शांतपणे ऐकून घेत आणि मग विचारत, "परसाद काय घ्यायचा?" शंकरप्पा मास्तर लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्या कोणापुढं नारळ फोडला नव्हता. आता त्यांना पाहून म्हाताऱ्या बाया रस्त्यात बाजूला होऊ लागल्या.

"गावात तुमास्नी आता पुजारी म्हनत्यात," इरम्मानं जेवताना सांगितलं.

"म्हणू दे."

"म्हनू दे काय? म्या पान्याला गेले तर पुजारीनबाई म्हनत्यात."

एक गोष्ट मात्र खरी की मुलं वाढली. नवस बोलायला आलेली माणसं पोरं बरोबर आणत, ती मुंगीच्या पानापाशी बसून राहत, आणि दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन येत.

दुसऱ्या रविवारी नळदुर्गाहून पाच माणसं आली. पुढं दगडोबा, तिथले मानकरी, पागोटं बांधलेले, आवाज खालचा. अणदूरचा खंडोबा दोन गावांचा आहे. वर्षातला बराच काळ तो अणदुरात असतो, आणि पौषातल्या जत्रेच्या सुमाराला नळदुर्गाला जाऊन राहतो. नेताना आणि आणताना दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात. देव देताना कोणी नुसत्या तोंडी शब्दावर देत नाही.

"मास्तर," दगडोबा म्हणाले, "देव दोन्ही गावचा. मग त्येच्या घरी उतरलेला पाव्हना एका गावचा कसा?"

"दगडोबा, ते पुस्तक आहे. शाळेचं."

"आमच्या गावातबी शाळा हाय. तिलाबी सायबाचा शेरा हाय. देवासंगट न्ह्यू, देवासंगट आनू. लिहून देतो."

मास्तरांनी तारखा मोजल्या. मुआयना फरवर्दीच्या, म्हणजे फेब्रुवारीच्या, पहिल्या आठवड्यात होता. देव त्याच्या आधी परत येणार होता. शिवाय नळदुर्गाच्या मुलांनी मुंगी पाहिली तर बिघडत काय होतं? आणि खरं सांगायचं तर, महिनाभर नारळ बंद होतील हा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. ते हो म्हणाले.

करार लिहायचं काम बंडप्पांकडं आलं. देवाच्या जुन्या कराराची नक्कल त्यांच्या पेटीत होती. बंडप्पांनी ती समोर ठेवली, स्टँपाचा कागद घेतला आणि ओळीनं उतरवून काढली. जिथं देवाचं नाव होतं तिथं 'श्री वॅट' घातलं. बाकी अक्षर बदललं नाही, कारण इतक्या वर्षांचा पक्का मसुदा, त्यात हात कशाला घाला. मास्तरांना त्या वेळी तिसरीचा हिशेबाचा तास होता. त्यांनी दारातच उभं राहून तारखा तेवढ्या पाहिल्या आणि सही केली. सहीखाली हुद्दाही लिहिला, सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक. देव निघाला त्या दिवशी पुस्तक लाल कापडात गुंडाळून मागच्या बैलगाडीतून गेलं.

मोहतमीम साहेब फरवर्दीत आले नाहीत. ते दोन आठवडे आधी, इस्फंदारच्या अठरा तारखेला, सकाळी दहा वाजता, घोड्यावरून आले. बरोबर एक शिपाई आणि शेऱ्यांची वही. साहेब सभ्य होते. त्यांनी पाणी घेतलं, मुलं मोजली, छपन्न भरली, आणि तस्वीरी किताब मागितली.

"साहेब, ती नळदुर्गात आहे. आठ दिवसांत येईल."

"किताब नळदुर्गात का?"

"करारानं गेलीय."

साहेबांनी यावर काही लिहिलं नाही. ते मुलांकडं वळले आणि मराठीतून म्हणाले की किताबीत काय पाहिलंत ते पाटीवर काढा. मास्तरांना धीर आला. मुलांनी चित्रं पाठ केली होती. दहा मिनिटांत छपन्न पाट्या उभ्या राहिल्या. छपन्न पाट्यांवर मोठा साहेब होता आणि छपन्न पाट्यांवर त्याच्या पायाशी शेळीएवढं इंजिन होतं.

साहेबांनी पहिल्या रांगेतल्या एका मुलीला विचारलं, "झाकण का उडतं?"

"वाफेनं. वाफेला जागा पुरत न्हाय, ती झाकनाला ढकलती. तसाच इंजनाचा दट्ट्या."

"शाबास. आणि इंजन एवढं लहान का?"

"वाहन हाय त्येचं."

साहेबांनी तिच्या पाटीकडं आणि मग मास्तरांकडं पाहिलं. "करार दाखवा," ते म्हणाले.

बंडप्पा स्वतः कागद घेऊन आले, कारण आपलं अक्षर साहेबांच्या नजरेखालून जावं अशी त्यांची इच्छा होती. साहेबांनी तो शिपायाकडून मोठ्यानं वाचून घेतला. सालाबादप्रमाणे श्री वॅट यांस नळदुर्गास न्यावे. तेथे त्रिकाळ दिवाबत्ती, नैवेद्य, शेजारती चालवावी. सेवेत कसूर होऊ नये. मुदत सरल्यावर वाजतगाजत परत आणून स्थापन करावे. खाली दगडोबांचा अंगठा आणि मास्तरांची सही, हुद्द्यासकट.

"सालाबादप्रमाणे?" साहेबांनी विचारलं. "किती वर्षांपासून आहे हे?"

"साहेब, पुस्तक होऊन दोन महिने झाले," मास्तर म्हणाले. "मसुदा जुना आहे."

"लई जुना," बंडप्पा म्हणाले.

साहेबांचा निष्कर्ष सरळ होता आणि तो त्यांनी वहीत सरळ लिहिला. ही वस्तू किताब असेल तर शाळेनं शर्त पाळली आहे आणि इजाजत चालू ठेवायला हरकत नाही. ती देव असेल तर शाळेजवळ किताब नाही; उलट नवं देवस्थान बिगरपरवाना उघडलं, असं होईल, आणि ती बाब मजहबी, म्हणजे धर्माच्या, कामांच्या खात्याकडं जाते. सबब दोन्ही खात्यांचा अभिप्राय येईपर्यंत वस्तू आहे तिथंच ठेवावी. शाळा दुसरा हुकूम होईपर्यंत चालू राहील.

जाताना साहेब मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, "मास्टर साहब, लडकी ने जवाब अच्छा दिया. वो कागज आपने पढ़कर सही करना था."  मास्तरांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत न वाचता सही केलेला तो एकच कागद होता.

ठरल्या दिवशी देव अणदूरला परत आला. पुस्तक आलं नाही. हुकूम हुकूम होता, आणि करारही करार होता. दगडोबांनी निरोप धाडला की दिवाबत्ती तिन्ही वेळ नेमानं चालू आहे, काळजी नसावी. मास्तर एकदा नळदुर्गाला जाऊन पाहून आले. पुस्तक चावडीत एका कोनाड्यात होतं, पहिल्याच पानावर उघडं. मुंगीचं पान पाहायला मिळालं नाही, कारण पान उलटायला चावडीत मज्जाव होता. बाहेर तिथल्या शाळेची मुलं रांगेनं बसून किटली काढत होती.

मजहबी खात्याचं उत्तर खुर्दाद महिन्यात, म्हणजे भर उन्हाळ्यात आलं. मरहूम विलायती कारागिराची तसबीर त्यांच्या यादीतल्या कोणत्याही सदरात बसत नाही. बाब तालीम खात्याची दिसते. तालीम खात्यानं कळवलं की ज्या वस्तूला शेजारती होते ती त्यांच्याही यादीत नाही. मग दोन्ही खात्यांनी मिळून एक तोडगा काढला. वस्तू काय आहे हे ज्यानं ती बनवून घेतली त्यानंच लेखी, दोन साक्षीदारांसह, आठ दिवसांत कळवावं. ते पत्र पुढच्या तीर महिन्याच्या विसाव्या तारखेला, बुधवारी, शंकरप्पा मास्तरांच्या हातात पडलं.

किताब असं लिहावं तर स्टँपाच्या कागदावर खोटी सही केली असं होतं. देव असं लिहावं तर शाळा जात होती. धुळाप्पा म्हणाले, चित्र माझं हाय एवढं लिवा. बंडप्पा म्हणाले, दोन्ही लिहा, जे पायजे ते सायेब घेतील. नागूबाईंना कोणी विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या की रविवार बघून लिवा. इरम्मा म्हणाली, "खरं काय हाय ते लिवा." मास्तरांनी तिला विचारलं, खरं काय आहे? ती भाकरी थापत होती. तिनं परात पुढं ओढली.

मुदतीचा शेवटचा दिवस पुढचा बुधवार. त्या दिवशी संध्याकाळी साडेचार वाजेपर्यंत मास्तरांनी चार मसुदे केले होते आणि चारही फाडले होते. टपालाची थैली पाच वाजता निघते. त्या दिवशी शाळेत हजेरी सदुसष्ट होती, त्यांत बावीस मुली.